बॅटरी बदलायच्या आधी एकदा मीटर लावून बघा

जुना ट्रॅक्टर सकाळी सेल्फला उचलला नाही की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बॅटरी गेली." मग बॅटरी काढायची, मोटारसायकलवर मधी ठेवून तालुक्याला न्यायची, दुकानदार रात्रभर चार्जिंगला लावतो, दुसऱ्या दिवशी आणून बसवली की ट्रॅक्टर एका सेल्फमधी चालू, सगळे खुश. आठ दिवसांनी परत तेच. मग दुकानदार म्हणतो एक सेल (बॅटरीतल्या सहा कप्प्यांतला एक) बसलाय, नवीन घ्या. नवीन येते, आणि पुढच्या हंगामात तिचंही तेच होतं. परभणी, हिंगोली, नांदेड कुठंही जा, जुन्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं तर ही गोष्ट तो स्वतःची म्हणून सांगतो. मी आतापर्यंत गावात आणि पाहुण्यारावळ्यात जेवढे ट्रॅक्टर बघितले त्यातल्या बऱ्याच जणांची बॅटरी मुळात चांगली होती, तिला कुणी भरूच देत नव्हतं. शेतकऱ्याचा पैसा असा फुकट जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवायलोय.

आधी हे समजून घ्या की हा बिघाड लपून का राहतो. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर करंटची काहीच गरज नसते. पेट्रोल गाडीत प्लगला ठिणगी लागते, इथं हवा दाबूनच एवढी तापते की नोझलमधून मारलेलं डिझेल आपोआप पेटतं, आणि डिझेल मारणारा पंप इंजिनाच्या गिअरवरच फिरतो. बंद करायला सुद्धा दांडीच ओढायची असते. त्यामुळं अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, पूर्ण मेलेला असला तरी ट्रॅक्टर दिवसभर नांगरतो, रोटा मारतो, ट्रॉली ओढतो, कुणाला काही कळत नाही, दिवसा लाइटबी नसतात. कळतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा सेल्फला एकदम दोन-तीनशे अँपिअर लागतात आणि बॅटरीत तेवढा दम नसतो. त्रास दिसतो बॅटरीपाशी, म्हणून दोष बॅटरीला. कित्येकजण तर नादच सोडून देतात. आमच्या पट्ट्यात सगळी सपाट काळी जमीन, उतार सापडत नाही, म्हणून घरापुढं मुरूम टाकून मुद्दाम चढ करून ठेवलेत लोकांनी, रात्री ट्रॅक्टर त्याच्यावर लावायचा आणि सकाळी ढकलून गिअरमधी टाकायचा. शेतात मधीच बंद पडला तर मग दुसरा ट्रॅक्टर दोर बांधायला बोलवा.

सामान काही जास्त लागत नाही. एक डिजिटल मल्टीमीटर, साधा असला तरी चालतो. एक १२ व्होल्टचा छोटा बल्ब दोन वायरी जोडून, ज्याला आपण टेस्ट लॅम्प म्हणतो. बॅटरीचं पाणी तपासायचा हायड्रोमीटर मिळाला तर फारच चांगलं. बाकी सँडपेपर, १०-१२-१३ चे पाने आणि पक्कड घरात असतातच.

पहिलं रीडिंग बॅटरीचं, आणि ते सकाळी, ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर, सेल्फ मारायच्या आधी. संध्याकाळी कामावरून आल्या आल्या घेतलं तर ते खोटं चढलेलं येतं. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि दोन्ही सुया बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेलं म्हणजे जवळपास रिकामी. बारा व्होल्टची बॅटरी आहे मग बारा दाखवायली की, असं बरेचजण म्हणतात, पण बारा म्हणजे भरलेली नाही. हायड्रोमीटर असेल तर सहाही सेल बघा, भरलेल्या सेलचं १.२५० च्या पुढं येतं, साधारण १.२८० पर्यंत. पाच सेल सारखे आणि एकच फार खाली असला तर तो सेल खरंच गेलाय, मग दुकानदार बरोबर आहे. पण सहाही सेल सारखेच खाली असले तर बॅटरी उपाशी आहे, तिला मिळत नाही, शोध पुढं करायचा.

मग एकाला सेल्फ मारायला लावा आणि मीटर बघत रहा. इंजिन फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. भरलेली बॅटरी असून ती सात-आठवर आली तर एकतर बॅटरी आतून कमजोर झालीय नाहीतर सेल्फच जड झालाय, बुश झिजले की आर्मेचर (आतला फिरणारा भाग) घासतं आणि सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो. आणि मीटर ११ च्या वर थांबलं तरी सेल्फ नुसता टक् करतोय, तर केबल, सॉलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच), अर्थिंग (बॅटरीची ट्रॅक्टरच्या लोखंडाशी असलेली जोडणी) यांच्याकडं जा, बॅटरीला हात लावू नका.

तिसरं रीडिंग इंजिन चालू करून, रेस थोडी वाढवून. बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला पाहिजे. रिकाम्या बॅटरीवर सुरुवातीला जरा कमी असतं, हळूहळू चढतं, त्यामुळं लगेच निकाल देऊ नका. चालू करायच्या आधी १२.३ होतं आणि चालू करून रेस दिल्यावरही १२.३ च आहे किंवा खाली यायलंय, तर चार्जिंग नाही. १५ च्या पुढं जायलंय तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेला, तो बॅटरीचं पाणी उकळून टाकतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला असतो, आधीच पाणी उडतं, त्यात ओव्हरचार्जिंग असलं तर पंधरा दिवसांत प्लेटा उघड्या पडतात.

आता नानांच्या ट्रॅक्टरचं सांगतो, कारण त्यात सगळं आलंय. नाना म्हणजे आमच्या शेजारच्या शेताचे, ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर, पस्तिसाव्या वर्षीही ऊस वाहतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या जुन्या ट्रॅक्टरला होतंच. नानांनी एका हंगामात बॅटरी नवी घेतली होती, अल्टरनेटर तालुक्याला खोलून आणला होता, कार्बन (आतल्या फिरत्या भागावर घासून करंट नेणारे तुकडे) आणि बेअरिंग टाकून. तरी सकाळी ढकलणं चालूच. मला म्हणले, "बाबा, तू एकदा बघ, नाहीतर मी आता हे विकून टाकतो."

गेलो सकाळीच. बॅटरीवर १२.१. ढकलून चालू केला, रेस दिली, दोन्ही हेडलाइट लावायला सांगितले. बॅटरीवर १२.७. नाना लगेच म्हणले अल्टरनेटरच खराब दिला त्यानं. मी म्हणलं नाना थांबा, आणि काळी सुई अल्टरनेटरच्या बॉडीवर, लाल सुई त्याच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर टेकवली. १४.३. म्हणजे अल्टरनेटर त्याचं काम बरोबर करायला होता, माल निघत होता पण पोचत नव्हता. ठिबकला मोटर जोरात चालू आहे आणि फिल्टर चोंदलाय, तसा हा प्रकार.

अशा वेळी एक टेस्ट आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती चोर कुठंय ते बोट दाखवून सांगते. इंजिन चालू, लाइट चालू, मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लस खुंटीवर. दोन्ही एकाच वायरीची टोकं, त्यामुळं मीटर जवळपास शून्यच दाखवायला पाहिजे, ०.२-०.३ माफ, अर्ध्या व्होल्टच्या पुढं गेलं म्हणजे वायरीत कुठंतरी अडथळा आहे. तसंच खालच्या बाजूनं, अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीची मायनस खुंटी, इथं ०.२ च्या आत. नानांच्या ट्रॅक्टरला खालची बाजू ०.०५, एकदम चांगली. वरची बाजू १.५५. दीड व्होल्ट रस्त्यातच जायला होता.

मग सुई एक एक जोड पुढं सरकवत जायचं. अल्टरनेटरपासून ती वायर डॅशबोर्डच्या मागं अँपिअर मीटरला येते आणि तिथून निघून सेल्फच्या बोल्टवरून बॅटरीला जाते, जुन्या ट्रॅक्टरला चार्जिंगचा सगळा करंट त्या काट्याच्या मीटरमधूनच जातो. मीटरच्या अलीकडच्या वायरीपर्यंत काही नाही, आणि पलीकडं सुई नेली की सगळा दीड व्होल्ट. इंजिन बंद करून, बॅटरीचा मायनस काढून डॅश खोलला. मीटरच्या मागचा नट बोटानंच फिरत होता. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबलेली कडी) काळं ठिक्कर पडलेलं, त्याच्यावरची लाल स्लीव्ह तपकिरी होऊन कडक झालेली, हात लावला की तुकडे पडत होते, आणि वायर जिथं थिंबलमधी दाबली होती तिथं निम्म्या तारा तुटून हिरवट भुकटी झालेली. हिशोब करा, दीड व्होल्ट गुणिले दहा अँपिअर म्हणजे पंधरा वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत, रोज रात्रभर उसाची ट्रॉली ओढताना. वितळणार नाही तर काय होणार.

वायर मागं कापत गेलो. तांबं आतून काळं पडलेलं असलं तर त्याच्यावर नवं थिंबल बसवून उपयोग नाही, लालसर चमकणारं तांबं लागेपर्यंत सोलायचं. नवं थिंबल दाबून वर डाग (सोल्डर) दिला, खाली स्प्रिंग वॉशर टाकला, नट पान्यानं आवळला. परत तीच टेस्ट, ०.२. बॅटरीवर १३.४ आणि बघता बघता १३.९. खर्च म्हणाल तर थिंबल आणि वॉशर. नाना बराच वेळ मीटरकडं नुसते बघत होते, मग म्हणले, "आणि मी जुनी बॅटरी एक्स्चेंजमधी देऊन बसलो." त्या नव्या बॅटरीलाही आम्ही सावकाश चार्जिंगला लावलं. ७५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या करंटचं माप) बॅटरी सात-आठ अँपिअरनं भरायची, घाई करून वीस-पंचवीसनं नाही. बॅटरी कित्येक दिवस अर्धीच राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं, सुरुवातीला ते मऊ असतं, चार्जिंगनं निघून जातं, पण महिनोन्महिने राहिलं की कडक होतं आणि मग खरंच बॅटरी जाते. म्हणजे चार्जिंगचा बिघाड शेवटी बॅटरीला मारतोच, आणि दुकानदाराचं म्हणणं खरं ठरतं.

खालच्या बाजूचं, अर्थिंगचं, वेगळं सांगायलाच पाहिजे. दसऱ्याच्या आधी लई जणं ट्रॅक्टरला रंग देतात, खंडेनवमीला पूजा असते, ट्रॅक्टर नवा दिसला पाहिजे. पेंटर सगळ्यावरूनच फवारा मारतो, किंवा अर्थिंगची पट्टी खोलून रंगावरच परत आवळतो. रंगातून करंट जात नाही. मग दिवाळीपर्यंत लाइट मंद, सेल्फ आळशी, आणि लोक म्हणतात रंग दिल्यापासून काय नजर लागली कळंना. बॅटरीची मायनस केबल चेसीला किंवा गिअरबॉक्सला जिथं बसते तो बोल्ट खोला, दोन्हीकडचं लोखंड सँडपेपरनं पांढरं करा, आवळा, आणि मग वरून ग्रीस लावा. अल्टरनेटर ज्या क्लॅम्पवर बसतो तिथंही हेच, कारण त्याचं अर्थिंग त्याच्या बॉडीतूनच असतं. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासायचं, झाकणं घट्ट लावून, सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मरतं. आणि खुंटीवर एक सुई, त्याच्याच क्लॅम्पवर दुसरी ठेवून सेल्फ मारून बघा. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या क्लॅम्पमधी अर्धा व्होल्ट जाताना मी बघितलाय.

चार्जिंगच्या लाल बत्तीबद्दल तर फारच गैरसमज आहे. लोक म्हणतात बत्ती लागतच नाही म्हणजे चार्जिंग चांगलंय. उलट आहे. चावी फिरवली की बत्ती लागलीच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझली पाहिजे. जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा थोडासा करंट या बत्तीतूनच जातो, त्यानं आतला रोटर चुंबक होतो आणि मग अल्टरनेटर स्वतःचं स्वतः चालवतो. बल्ब उडाला की ही सुरुवातच होत नाही, किंवा एकदा जोरात रेस दिली तरच होते. आणि अजून एक गोष्ट हल्ली बघायलोय, डॅशचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकतात, दिसायला छान, पण चार्जिंगच्या बत्तीचा जुना बल्ब दोन-तीन वॅटचा असतो, एलईडीतून तेवढा करंट जात नाही, अल्टरनेटर उठतच नाही. त्या एका जागी जुना तारेचाच बल्ब ठेवा. तपासायचं असं: अल्टरनेटरच्या मागची बत्तीची बारीक वायर काढा, चावी चालू करा आणि वायरीचं टोक लोखंडाला टेकवा. बत्ती लागली तर बल्ब आणि वायर दोन्ही चांगले, गडबड अल्टरनेटरच्या आत, कार्बन झिजलेत नाहीतर रेग्युलेटर गेलाय. नाही लागली तर बल्ब बघा, मग वायर. वायर म्हणलं की उंदीर आलेच, सोयाबीनचं भुसकट ट्रॅक्टरच्या शेडातच असलं तर विचारायलाच नको, बोनेटखाली घरटं करतात आणि वायरी कुरतडतात.

दिवसा चार्जिंग बरोबर दाखवतंय आणि तरी सकाळी बॅटरी खाली, असं असलं तर रात्री कुठंतरी करंट गळतोय. चावी बंद, सगळं बंद, बॅटरीचा मायनस क्लॅम्प काढा आणि खुंटी ते क्लॅम्प यांच्या मधी तो टेस्ट लॅम्प धरा. जुन्या ट्रॅक्टरमधी ना घड्याळ ना कॉम्प्युटर, दिवा अजिबात लागायला नको. लागला तर आधी टेप आणि नंतरून जोडलेल्या लाइटांची वायर काढा, मग अल्टरनेटरची जाड वायर. ती काढल्यावर दिवा विझला की समजायचं अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) शॉर्ट आहे. अशा अल्टरनेटरला सकाळी हात लावला, इंजिन रात्रभर बंद असून, तर कधीकधी चक्क कोमट लागतो. डायोडचा अजून एक पुरावा म्हणजे इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर डायोड गेलेला असायची शक्यता जास्त. एखादाच डायोड तुटला असला तर चार्जिंग पूर्ण बंद पडत नाही, नुसतं कमी होतं, आणि असा बिघाड महिनोन्महिने कुणाला सापडत नाही.

पट्ट्याचं थोडक्यात. दोन पुलींच्या मधी अंगठ्यानं दाबला तर साधारण बोटाच्या जाडीएवढा, १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. पट्टा पुलीच्या बाजूंना धरतो, तळाला नाही, म्हणून पुलीचा तळ चमकत असला तर पट्टा झिजून खाली बसलाय, कितीही ताणला तरी घसरणार. आणि लई ताणून ठेवू नका, बेअरिंग जातं, बऱ्याच ट्रॅक्टरला पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो.

आता लोडचा हिशोब, हा कुणी करतच नाही. वॅट भागिले १२ म्हणजे अँपिअर. दोन हेडलाइट ५५-५५ वॅटचे म्हणजे नऊ अँपिअर. मागं नांगराचा लाइट, वरती एलईडीची पट्टी, ट्रॉलीचे लाइट, आणि टेपला मोठा अ‍ॅम्प्लिफायर. उसाच्या हंगामात पोरं रात्रभर जागी राहायला गाणी लावतात, त्याला माझी काही हरकत नाही, त्या गाण्यांनी लोकांचे डोळे उघडे राहतात. पण कारखान्याच्या गेटावर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद करून सगळं चालू ठेवलं तर ७५ एएचची बॅटरी किती पुरणार. १५ अँपिअर सतत ओढले तर दोन-तीन तासांत ती अर्ध्याच्या आसपास येते. लाइन लांब असेल तर हेडलाइट आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, फक्त मागची लाल बत्ती आणि रिफ्लेक्टर दिसत राहतील एवढं बघा, उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल जाऊन आदळल्याचं आपण दर हंगामात ऐकतो.

काही गोष्टी मात्र हात जोडून सांगतो, करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "चार्जिंग आहे का बघू" म्हणणारे गावोगाव आहेत. अल्टरनेटरवर असं केलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगला डायोड, रेग्युलेटर त्या क्षणी उडतो. मीटर असताना याची गरजच काय. ट्रॅक्टरला किंवा जोडलेल्या ट्रॉलीला वेल्डिंग मारायचं असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा. टर्मिनल काढताना अर्थिंगचं आधी, लावताना अर्थिंगचं शेवटी, म्हणजे पाना चेसीला लागला तरी ठिणगी होत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं बिडी, काडी काही नको. पाणी डिस्टिल वॉटरच, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते घरातल्या हंड्याच्या बुडाला बघा. अ‍ॅसिड वरून ओतायचं नाही, उडतं ते पाणीच असतं.

आणि सेल्फच्या बोल्टांवर पाना टेकवून चालू करणं. हे सगळ्यांना येतं, लहान पोरांनाही येतं. माणूस मोठ्या चाकाच्या पुढं उभा असतो, गिअर न्यूट्रलला आहे असं त्याला वाटत असतं, आणि ट्रॅक्टर चालू होताच पुढं येतो. असे जीव गेलेत. चावीनं सेल्फ लागत नसेल तर सीटवर बसून चालू होईल अशी दुरुस्ती करून घ्या, तोपर्यंत ट्रॅक्टर उभा राहिला तरी चालेल.

शेवटी डायनामोवाल्यांसाठी. जुन्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरला अल्टरनेटर नाही, लांबट गोल डायनामो असतो आणि वेगळा कटआऊटचा डबा (बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा). माझ्या स्वतःच्या घरचा जुना ट्रॅक्टर असाच आहे, मी तो बदललेला नाही, कारण डायनामो खोलून दुरुस्त करता येतो आणि मला ते काम आवडतं. पण त्याची मर्यादा ओळखायची, आयडलला तो जवळपास काहीच देत नाही आणि पूर्ण रेसवरही वीस-बावीस अँपिअरच्या आसपासच. त्याच्यावर एलईडीच्या पट्ट्या आणि अ‍ॅम्प्लिफायर लादायचे असतील तर सरळ अल्टरनेटर बसवून घ्या, पण बसवताना बघा, काही जुन्या ट्रॅक्टरला प्लस अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीची प्लस खुंटी चेसीला जोडलेली असते, ते बदलून मायनस केल्याशिवाय अल्टरनेटर जोडला तर डायोड त्याच क्षणी जातात. जाड वायरही नवी टाका, जुनी वायर डायनामोच्या करंटपुरतीच असते.

डायनामो तपासायचा तर त्याच्या डी (करंट बाहेर देणारी) आणि एफ (आतल्या फील्ड कॉइलची) दोन्ही वायरी काढा, ही दोन टोकं एका छोट्या तारेनं जोडा आणि मीटर त्या तारेवर आणि बॉडीवर लावा. इंजिन चालू करून रेस हळूहळू वाढवा, व्होल्टेज भराभर वर जायला पाहिजे, वीसपर्यंत गेलं की तिथंच थांबा, अजून रेस देऊ नका, या जोडणीत त्याला लगाम नसतो. वीसपर्यंत गेला म्हणजे डायनामो चांगला, मग दोष कटआऊटच्या डब्यात नाहीतर वायरीत. एक व्होल्टच्या आतच अडकला तर फील्ड कॉइल, चार-पाचवर अडकला तर आर्मेचर. काहीच नाही आलं तर आधी कार्बन बघा. कार्बन आपल्या घरात मोकळा सरकला पाहिजे आणि तांब्याच्या कम्युटेटरवर पूर्ण टेकला पाहिजे, कम्युटेटर काळा झाला असेल तर बारीक काचपेपरनं फिरवून साफ करायचा, एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या मधल्या खाचेत बसून शॉर्ट करतात.

कधी इंजिन बंद केल्यावरही अँपिअर मीटरचा काटा मायनसला टोकाला राहिला तर कटआऊटचे पॉइंट चिकटलेत, पळत जाऊन बॅटरीचं टर्मिनल काढा, नाहीतर वायरी जळतात. डायनामो नवीन भरून आणला किंवा बॅटरी चुकून उलटी लागली होती असं असलं तर त्याला दिशा द्यावी लागते, एफची वायर काढून, बॅटरीच्या अर्थिंग नसलेल्या खुंटीवरून एक तार त्या एफच्या टोकाला क्षणभर टेकवायची, बारीक ठिणगी पडते, झालं. मागच्या बुशाला तेलाचं छिद्र असतं, बऱ्याचदा मातीनं बुजलेलं, ते काडीनं मोकळं करून दोन थेंब इंजिन ऑइल टाका, जास्त नको, तेल कार्बनवर गेलं की परत चार्जिंग बंद. आणि कार्बन आणायला जाल तेव्हा जुना काढून सोबत घेऊन जा, मापात थोडा फरक असलेला कार्बन दुकानात बरोबर वाटतो आणि घरी आणून बसवला की अडकतो.